सातवं प्रेक्षणीय स्थळ

बोरिवलीला बाभईत आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "चालायची सवय आहे ना?"

लग्नाला तीन महिने झाले होते आणि दिरांच्या घरी बाहेरच्या खोलीत झोपून आम्ही दोघंही विटलो होतो. पोहता येतं का असं विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. नवऱ्याने तर "रोज तासभर चालतो" अशी थाप ठोकून दिली. मालकांनी खिशातून वही काढली, त्यात आमची नावं लिहिली आणि म्हणाले, "मग येत्या महिन्यातला दुसरा रविवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, स्टेशनवर, इंडिकेटरखाली. तुम्ही आमचं घर बघितलंत, आता आमचं गाव बघायचं. खोली त्यानंतर पक्की."

ही अट त्या इमारतीतल्या आठही भाडेकरूंनी पाळली होती. मालकांचं गाव डहाणूच्या अलीकडे, समुद्राकाठी. गाव एवढंसं, पण त्यात ऐतिहासिक स्थळं सात, आणि ती बघितल्याशिवाय माणूस आपल्या घरात राहायला लायक होत नाही असं मालकांचं ठाम मत होतं. विरारला गाडी बदलून डहाणूची शटल धरायची, स्टेशनवर उतरलं की टांगे उभे असायचे. टांग्यात मालक फक्त साठीच्या वरच्यांना बसू देत. बाकीच्यांनी चालायचं. माझा नवरा त्या दिवशी अंगठ्याला फोड घेऊन परत आला आणि पुढे सहा वर्षं आम्ही त्या खोलीत राहिलो.

मालक मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अर्धा ठाणे जिल्हा त्यांनी साखळी टाकून मोजला होता. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाकी पँट, कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात छत्री. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी चाकूने इंचाइंचाला खाचा पाडलेल्या होत्या. भाजीवाल्याकडे दुधी घेतानाही ते आधी छत्री लावत. भाजीवाला बिचारा सरावला होता, पण नवीन गिऱ्हाइकं जरा लांब सरकून उभी राहत.

"साधारण" आणि "अंदाजे" हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "अंदाजे हा शब्द आळशी माणसाने काढलाय," असं ते म्हणत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या आणि दवाखाना कुठे म्हणून विचारू लागल्या, तर मालक म्हणाले, "एकशे ब्याण्णव पावलं. तुमची दोनशे तीस होतील." सासूबाईंनी खरंच मोजली. दोनशे चव्वेचाळीस झाली. परत येऊन त्यांनी तसं सांगितलं, तर मालक विचारात पडले आणि म्हणाले, "वाटेत थांबलात का कुठे?" थांबल्या होत्या, पेरू बघायला.

विशेषणांचंही त्यांना वावडं होतं. किल्ला दाखवताना लोक काय काय बोलतात, भव्य म्हणतात, बुलंद म्हणतात. मालक म्हणत, "तट बारा फूट चार इंच. बुरूज तीन. चौथा होता की नाही याला पुरावा नाही." संपलं. आमच्या समोरच्या खोलीत मालवणकडच्या वहिनी राहायच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, संपानंतर एका कंपनीत वॉचमन झाले. वहिनी फटकळ. सहलीला किल्ल्यासमोर उभं राहून त्यांनी सरळ सांगून टाकलं, "आमच्या मालवणच्या किल्ल्यापुढे ह्यो म्हंजे गुरांचो गोठो!"

सगळे हसले. मालकांनी छत्री टेकवली. "वहिनी, तुमचा किल्ला मोठा आहे, मान्य. त्याचा तट किती उंच?"

"आता ता काय मी मोजूक गेललंय?"

"मग मोठा कशावरून?"

वहिनी गप्प बसल्या. त्यांना गप्प बसवणारा माणूस मी आयुष्यात तेवढाच एक बघितला. पण त्यांनी दावा सोडला नाही. पुढल्या मे महिन्यात गावी गेल्या, तिथे नवऱ्याला तटाखाली उभा केला, डोक्यावर काठी धरायला लावली आणि आकडा आणून मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो वहीत लिहून घेतला आणि त्या दिवसापासून वहिनींना ते मानाने वागवू लागले. बिल्डिंगमध्ये कुणाची काही तक्रार असली की ते आधी विचारत, "वहिनी काय म्हणतात?"

सहलीहून परत आलं की परीक्षा सुरू व्हायची. तुम्ही दूध घेऊन जिना चढताय आणि वरून मालक उतरताहेत. "बुरुजाच्या पायऱ्या किती?" तुम्ही म्हणणार अठ्ठावीस. "सव्वीस. वरच्या दोन मागाहून बांधल्या, त्या धरायच्या नाहीत." चुकलं की संध्याकाळी जिन्याच्या भिंतीवर, तुमच्या दाराच्या बरोबर खाली, खडूने बरोबर उत्तर लिहिलेलं असायचं. आल्यागेल्याला कळायचं की या घरात कोण नापास झालंय. माझ्या नवऱ्याच्या नावाने ती भिंत भरलेली होती.

पण या गृहस्थांचं खरं पाणी मला पोस्टकार्डांच्या वेळी कळलं. त्या बुरुजाच्या पायऱ्या मालक स्वतःच आधी बरीच वर्षं अठ्ठावीस सांगत आले होते. एकदा कधीतरी खाली बसून चुना खरवडून बघताना त्यांना वरच्या दोन पायऱ्यांचा चुना वेगळा लागला. घरी आले आणि वही काढली. त्या वहीत आजवर नेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव-पत्ता होता. जुने भाडेकरू, खात्यातले सहकारी, त्यांच्या मेहुण्या, कुणाकुणाचे व्याही. मालकांनी सगळ्यांना कार्डं टाकली. "सप्रेम नमस्कार. आपण अमुक साली आमच्या गावी आला असता मी बुरुजाच्या पायऱ्या अठ्ठावीस सांगितल्या. त्या सव्वीस आहेत. तसदीबद्दल क्षमस्व." काही माणसं वारली होती, त्यांच्या मुलांनी उलट चौकशीची पत्रं पाठवली. एका बाईला वाटलं, पायऱ्यांचं काहीतरी सरकारी काम निघालंय आणि यजमानांची पेन्शन अडकलीय.

मी हसले होते तेव्हा. म्हटलं, "मालक, दोन पायऱ्यांसाठी एवढं?"

ते म्हणाले, "लोक आपल्या भरवशावर बघतात हो. त्यांना मी चुकीचं दाखवलं तर त्यांनी बघितलंच नाही ना."

सात स्थळांचा क्रम ठरलेला असे. आधी वाळूतला किल्ला, मग टेहळणीचा बुरूज, पोखरण म्हणजे दगडी बांधाचं जुनं तळं, देवळाची दीपमाळ, धर्मशाळा, खाडीवरचं मिठाचं जुनं ठाणं. पाचव्या स्थळापर्यंत कुणी काही खायचं नाही, पाणी चालेल. सातवं स्थळ मालकांच्या स्वतःच्या वाडीत होतं. पानवेलीचा मळा, केळी, माड आणि मागच्या अंगणात एक उभा दगड. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या ओळी, खाली माती.

या दगडापाशी आलं की मालक दुसरेच कुणी होत. छत्री काखेत जायची. आकडा एकही नाही. ते म्हणत, "हा वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. आमचा मूळपुरुष किल्ल्याच्या दारात उभा राहिला, बरोबरचे सगळे पडले तरी हलला नाही आणि तिथेच कामी आला. चंद्रसूर्य असेतो त्याचं नाव राहील, म्हणून हे वर कोरलेत."  आजवर दुधी मोजणारा हा माणूस डोळे पुसताना बघून आम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा वहिनींनी विचारलं, "आणि ह्यो किती फूट?" तर मालक म्हणाले, "वहिनी, घरच्या माणसाला कुणी छत्री लावतं का?"

दगडाला रोज हळदकुंकू लागलेलं असायचं. ते मालकांच्या थोरल्या बहिणीचं काम. त्यांना सगळे अक्का म्हणत. मालकांहून दहा वर्षांनी मोठ्या, काटक, केस पांढरे शुभ्र, नऊवारी लुगडं आणि कमरेला किल्ल्या. लहानपणी लग्न झालेलं, दोन-तीन वर्षांत त्या माहेरी परत आल्या आणि तेव्हापासून वाडी त्यांनीच सांभाळली. मालक मुंबईला शिकायला मामाकडे गेले, नोकरीला लागले, बायको आणली, ती गेली, घर बांधलं. अक्का तिथेच. सहलीच्या दिवशी त्या उकडहंडी करत. कंद, शेंगा, वांगी सगळं मडक्यात भरून, तोंड पाल्याने बंद करून विस्तवावर ठेवलेलं. दुपारी दोनला सात स्थळं संपली की ते मडकं उघडायचं. पहिल्या खेपेला फोड येऊनही नवरा दुसऱ्या खेपेला आला तो त्या मडक्यासाठीच.

गावात अक्कांना मान होता. लग्न होऊन आलेली नवी सून आधी देवळात जायची आणि मग वाडीतल्या दगडाच्या पाया पडायला. अक्का तिची ओटी भरत. कोळीवाड्यातल्या बायका होडी पाण्यात घालायच्या आधी नारळ आणून देत. नवऱ्याने टाकलेल्या म्हणा, परत आलेल्या म्हणा, अशा बाईला त्या काळी कुणी ओटीच्या ताटाला हात लावू देत नसे. अक्कांच्या हातची ओटी मात्र शुभ मानायचे, कारण त्यांच्या अंगणात वीर होता. हे सगळं त्या दगडावर उभं होतं हे मला फार उशिरा उमगलं.

आता त्या रविवाराबद्दल सांगते.

तळमजल्यावर नवीन भाडेकरू आले होते. शाळेत शिकवणारे सर, नागपूरकडचे, आणि त्यांची बायको. त्यांच्यासाठी सहल निघाली. वहिनी आणि आम्ही दोघं हौसेने बरोबर गेलो. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. त्या पावसाळ्यात किनाऱ्यावर मोठं वादळ झालं होतं आणि अक्कांचं पत्र आलं होतं, त्यात वाडीतले दोन माड पडल्याचं लिहिलं होतं. त्यापेक्षा जास्त काही नाही.

सहा स्थळं नेहमीसारखी झाली. सर सगळं वहीत उतरवून घेत होते, त्यामुळे मालक खुशीत होते. वाडीत पोचलो तर अंगणात आणखी माणसं. शेजारच्या गावचं नवं जोडपं आणि त्यांच्या घरची चार-पाच मंडळी पाया पडायला आली होती. नवी नवरी हिरव्या चुड्यात, मान खाली घालून उभी होती. अक्का ओटीचं ताट तयार करत होत्या.

दगडाशेजारचा माड आडवा झालेला होता आणि त्याच्या मुळांनी बरीच माती उचलून नेली होती. तिथे खड्डा पडला होता. दगड एकदम उंच दिसत होता, आणि त्याच्या खालच्या भागाला कुणीतरी हिरवा खण गुंडाळून सुतळीने बांधला होता.

"हे काय गं?" मालक म्हणाले.

"राहू दे ते," अक्का ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या. "तू तुझं सांग मंडळींना."

पण खालचा दगड आजवर कधी न दिसलेला. मालक ओणवे झाले. त्यांनी सुतळीची गाठ सोडली आणि खण खाली ओढला.

खाली गाढव कोरलेलं होतं आणि गाढवाखाली बाई होती. माती लागून राहिल्यामुळे झीज नव्हती, सगळं स्वच्छ दिसत होतं. सरांच्या बायकोने "अगं बाई" म्हणून तोंड फिरवलं. माझा नवरा समुद्राकडे बघू लागला. नवरीच्या सासूने नवरीला मागे ओढलं.

मालक तसेच ओणवे राहिले. त्यांना काय दिसलंय ते त्यांना क्षणात कळलं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून समजलं. मोजणी करत शेताशेतांतून हिंडताना असे दगड त्यांनी पाहिलेले होते, नकाशात त्यांच्या खुणाही केल्या होत्या. फक्त स्वतःच्या अंगणात ते कधी खाली बघायला गेले नव्हते. मग त्यांनी काखेतली छत्री काढली आणि दगडाला लावली. खालपासून वरपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा.

"चार फूट सात इंच," ते म्हणाले.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "झाक ते."

मी अक्कांकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, त्या नवरीकडे बघितलं. हा माणूस आता काय करणार ते मला ठाऊक होतं. दोन पायऱ्यांसाठी मेलेल्या माणसांना पत्रं पाठवणारा हा. आणि ते ज्या क्षणी बोलतील त्या क्षणी त्या म्हातारीच्या हातातलं ताट कुणी घेणार नव्हतं. मनात आलं, पुढे होऊन काहीतरी बोलावं, तहान लागलीय म्हणावं, चक्कर आलीय म्हणावं. मी काहीही केलं नाही. आपण परके, असं स्वतःला समजावलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मालक उभे राहिले. घसा साफ केला.

"मंडळी, हा वीरगळ नाही. याला गधेगाळ म्हणतात. जुन्या काळी राजा जमीन दान द्यायचा, तेव्हा हद्दीवर असा दगड रोवायचे. जो कुणी हे दान मोडील, ही जमीन बळकावील, त्याच्या आईला ही शिवी, असा अर्थ. चंद्रसूर्य दोन्ही दगडांवर असतात, म्हणून मी फसलो. म्हणजे फसलो नाही, मी बघितलंच नाही. आमचा कुणी पूर्वज किल्ल्याच्या दारात मेला नाही. ही वाडी दुसऱ्या कुणाला दान दिलेली असणार आणि ती आमच्या माणसांनी ढापली असणार. ही शिवी आम्हालाच आहे. मी तुम्हाला आणि आजवर आणलेल्या सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्ही जी कोण मंडळी आहात," हे नवरीच्या घरच्यांना, "तुम्हालाही माझ्या घरून खोटंच सांगितलं गेलं. इथे पाया पडण्यासारखं कुणी नाही."

 नवरीच्या सासूने आणलेला नारळ पिशवीत परत ठेवला.

अक्कांनी ताट खाली, ओट्यावर ठेवलं. "झालं तुझं सांगून?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "वीर नाही ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"चौदा वर्षांची होते. मला बघायला पाहुणे यायचे होते आणि अंगणात हे असलं चित्र. आपल्या आबांनी भर दुपारी दोन गाड्या माती आणून टाकली. मी पाणी दिलं माणसांना. तू चार वर्षांचा होतास, मातीत खेळत होतास."

"मग वीर?"

"तो मागून आला. मी परत आले ना सासरहून, तेव्हापासून रोज इथे हळदकुंकू वाहायला लागले. लोक विचारायला लागले, पोर असं का करते, डोकं फिरलं का तिचं. आबा काय सांगणार? त्यांनी सांगितलं, आमचा मूळपुरुष आहे, लढाईत पडलेला. तू तेव्हा सात वर्षांचा. तुला ती गोष्ट फार आवडली. झोपताना रोज मागायचास."

मालक म्हणाले, "म्हणजे हे सगळं, पन्नास-साठ वर्षं... तू हळदकुंकू लावत होतीस कुणाला?"

"हिला," अक्का म्हणाल्या.

त्यांनी हात केला तो वरच्या सूर्यचंद्राकडे नव्हता.

"जमीन ढापली कुणी, शिवी घातली कुणी, आणि दगडात कोरून ठेवलं हिला. हिने काय केलं होतं रे? सासरी तीन वर्षं काढून मी या घरात आले, तेव्हा काय झालं म्हणून मला कुणी विचारलं नाही. आबांनी नाही, आईने नाही. हिलाही कुणी विचारलं नसेल. म्हटलं, आपण तरी रोज हिच्यापाशी बसावं. हळदकुंकू लावावं. बाई माणूस आहे."

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मलाही रडू आवरेना. पुरुष मंडळी कुठे बघावं या विवंचनेत होती. सरांनी वही केव्हाच मिटली होती.

"मला कुणी मानावं म्हणून मी हे केलेलं नाही," अक्का म्हणाल्या. "माझी ओटी नको असेल तर नको. पण तू माणसं घेऊन येतोस, सगळे मान वाकवून बघताहेत तिच्याकडे. उद्या गाव येईल बघायला. पोरं येतील, हसतील. तुला खरं सांगायचं होतं, सांगितलंस. आता माती लोट."

 मालकांनी छत्री बाजूला ठेवली, खाकी पँटीसकट गुडघ्यावर बसले आणि हाताने माती ओढू लागले. माडाच्या मुळांना चिकटलेली ढेकळं फोडून ते त्या खड्ड्यात भरत होते. सर पुढे सरसावले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. वहिनींना मात्र त्यांनी थांबवलं नाही. वहिनी बसल्या, मी बसले. थोड्या वेळाने हिरव्या चुड्याचे दोन हात माझ्या शेजारी आले. नवरीची सासू "अगो, कपडे खराब होतील" म्हणाली, पण नवरीने ऐकलं नाही. तासभर लागला. माती गाढवाच्या वर आली, मग अक्षरांच्या खालच्या ओळीपर्यंत आली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "पुरे." नवरीने तशाच मातीच्या हातांनी पदर पुढे केला आणि अक्कांनी तिची ओटी भरली.

त्या दिवशी मडकं कुणाला आठवलं नाही. परतीच्या गाडीत मालक खिडकीशी बसले. विरारपर्यंत नखांतली माती काढत होते.

मी धरून चालले होते की आता पोस्टकार्डांचा गठ्ठा येणार. वही निघणार, "सप्रेम नमस्कार, मी आपणास वीरगळ म्हणून जो दगड दाखवला" अशी शेकड्याने कार्डं जाणार. आठवडा गेला, महिना गेला. कार्ड निघालं नाही. सहली चालू राहिल्या, क्रम तोच, शिस्त तीच, वाडीत जेवणही व्हायचं. फक्त मागच्या अंगणात कुणाला नेत नसत. जिन्यात प्रश्न विचारणं त्यांनी कमी केलं. अधूनमधून शनिवारी एकटेच गावी जाऊ लागले. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "अक्काशी बोलायला जातो. बरंच राहिलंय बोलायचं."

यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या विमा कचेरीत एक सहकारी होती, तिच्याजवळ जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं सांगून बसले. तिचा भाचा अशाच दगडांवर प्रबंध लिहीत होता. रविवारी तो थेट बाभईत हजर झाला. खांद्याला कॅमेरा, पिशवीत कोरीव अक्षरांचे ठसे घ्यायचे कागद, बोलणं नम्र. मुलगा चांगला होता. मी त्याला मालकांकडे घेऊन गेले, दुसरं करणार काय? 

मालकांनी त्याला बसवलं, चहा केला. मुलगा म्हणाला की उत्तर कोकणात असे लेख फार थोडे उरलेत, तुमच्या दगडावर अक्षरं आहेत असं ऐकलं, वाचता आली तर मोठी गोष्ट होईल, इतिहासात तुमच्या गावाचं नाव लागेल. मालक ऐकत होते. आपल्या गावाचं नाव कुठे लागावं यासाठी या माणसाने जन्मभर लोकांची पायपीट केली होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रागावतील. रागावले नाहीत.

त्यांनी मुलाला किल्ल्याच्या तटाची उंची सांगितली. बुरुजाच्या पायऱ्या सांगितल्या, दोन मागाहून बांधल्याचं सांगितलं. पोखरणीची खोली, दीपमाळेच्या खोबण्या, मिठाच्या ठाण्याच्या भिंतीची जाडी, सगळं इंचासकट सांगितलं. मुलाने भराभरा लिहून घेतलं. मग त्याने पेन थांबवून विचारलं, "आणि तुमच्या वाडीतला तो दगड?"

"वाडीत?" मालक म्हणाले. "वाडीत बघण्यासारखं काही नाही."